एका हाताचा चुडा

पहिला फटका पाठीत बसला तेव्हा बांगडी कृतिकाच्या अंगठ्याच्या सांध्यावर होती, म्हणून जैनूभाईने तिचा हात सोडला नाही.

सांध्यावर आलेली काचेची बांगडी मोठी बेभरवशाची. पुढे सरकली तर निमूट मनगटावर जाऊन बसते, मागे हिसकली तर तडकते, आणि तडकली की तिची धार थेट मनगटाच्या शिरेवर येते. उभा जन्म बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात गेलेल्या जैनुद्दीन मणियाराला हे कुणी सांगायला नको होतं. फाटकात मोटारसायकली आडव्या टाकून मंडपात घुसलेल्या पोरांना मात्र ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की एक दाढीवाला म्हातारा नवरीचा हात धरून बसलाय आणि मार खाऊनही सोडत नाही.

"हात सोड तिचा," हेल्मेट घातलेला पोरगा ओरडला, आणि पुढे त्याने आईवरून शिवी घातली.

"थांब बाबा, काकन सांध्यावर हाय," जैनूभाई म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "पोरी, तू हात सैल सोड. मी हाय ना."

दुसरा फटका लोखंडी सळईचा होता. तो खांद्यावर बसला आणि म्हाताऱ्याच्या तोंडून हुंकार निघाला, पण बोटांनी आपलं काम थांबवलं नाही. अंगठ्याने सांधा आत दाबला, बांगडी अर्धी फिरवली, आणि ती मनगटावर उतरली. मगच त्याने हात सोडला. तोवर तिसरा फटका कानशिलावर बसला होता आणि पांढऱ्या दाढीतून रक्त गळायला लागलं होतं.

रुक्मिणी हे सगळं माजघराच्या दाराआडून बघत होती. लेकीचं लग्न उद्यावर, मंडप स्वतःच्या दारात, आणि आई दाराआड. विधवेने चुडा भरताना समोर बसायचं नसतं, हा नियम कुणी केला ते निर्मळ गावात कुणाला सांगता आलं नसतं, पण जावेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना तो पाठ होता. तिने वाद घातला नव्हता. उद्याच्या पंगतीसाठी केळीची पानं कापायला घेऊन ती दाराशी बसली होती आणि फटीतून लेकीचा हात हिरवा होताना बघत होती. डावा हात भरून झाला होता. उजव्यातली ही पहिलीच बांगडी.

घरात पुरुषमाणूस कुणी नव्हतं. मुलगा देवेंद्र खुर्च्यांचा टेम्पो आणायला गोखिवऱ्याला गेला होता. मंडपात फक्त बायका, आणि बायका किंचाळत भिंतीला चिकटल्या होत्या. पोरांनी जैनूभाईला कॉलरला धरून पाटावरून खेचलं. एकाने बांगड्यांची लाकडी पेटी लाथेने उडवली. ती मंडपाच्या खांबावर आदळली आणि हिरव्या, तांबड्या, सोनेरी काचा दारापुढच्या खळ्याभर पसरल्या. त्या काचांवर त्यांनी त्याला पालथा पाडला. मग हेल्मेटवाल्याने त्याचा उजवा हात बुटाखाली घेतला आणि सगळा भार त्यावर दिला.

"ह्याच हाताने धरतोस ना आमच्या पोरी?"

काचा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यात हाडं मोडल्याचाही होता, तो फक्त रुक्मिणीला कळला.

तिच्या हातात कोयता होता. तो तिने उंबऱ्यावर ठेवला, कारण बरोबर नेला असता तर चालवला असता. आणि मग ती बाई, जिला सकाळपासून मंडपात पाऊल टाकायला मनाई होती, धावत गेली आणि जैनूभाईच्या अंगावर आडवी पडली. वर उचललेली सळई तिच्या पाठीत बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण ती हलली नाही.

"काकू, बाजूला हो," हेल्मेटच्या आतून आवाज आला.

काकू. तिला काकू म्हणणारं जगात एकच पोर होतं. रुक्मिणीने गुडघ्यांवर उठून त्याच्या हेल्मेटची काच वर ढकलली. आत तेजस होता, तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. लहानपणी दर मे महिन्यात तुळिंजच्या फ्लॅटमधून इथे यायचा, तिच्या मांडीवर डोकं ठेवून तेल लावून घ्यायचा, आणि सुकेळ्यांचा, घरी वाळवलेल्या केळ्यांचा, डबा रिकामा करून मगच परत जायचा.

"तुझ्या आईच्या हातात चुडा ह्यानंच भरला होता, तेजस," ती म्हणाली. "ह्याच खळ्यात."

"तेव्हा कोणाला समजत नव्हतं," तेजस म्हणाला. पण त्याचा आवाज फुटला, आणि बाकीच्या पोरांनी मोटारसायकली उचलल्या. जाता जाता एकाने मंडपाचा कोपऱ्यातला खांब लाथेने पाडला. हेमांगी, कृतिकाची मैत्रीण, हातात मोबाइल धरून उभी होती. कोपऱ्यातली म्हातारी आत्या काचांकडे बघत सवयीने पुटपुटत होती, फुटल्या म्हणू नका गं, वाढवल्या म्हणा.

*

झालं होतं ते असं. हेमांगीने हौसेने चुड्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला होता. त्यात जैनूभाई दिसत होता, त्याच्या हातातला कृतिकाचा हात दिसत होता, आणि आधी बांगड्या भरून उठलेली एक शेजारीण वाकून नमस्कार करताना दिसत होती. कुणीतरी तो उचलून तेजसच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, आपल्या बायका कुणाच्या पाया पडतायत बघा.

आता ह्या नमस्काराची गंमत सांगायला हवी, कारण ती रुक्मिणी आणि जैनूभाईच्या मैत्रीची गंमत आहे. बांगड्या भरून झाल्या की बाईने भरणाऱ्याला नमस्कार करायचा, मग ती कितीही मोठ्या घरची असो, ही आपल्याकडची जुनी रीत. रुक्मिणी नवी नवरी होऊन निर्मळला आली, जैनूने तिचे हात भरले, आणि ती वाकली, तर तो तरणाबांड पोरगा पाय आखडून मागेच सरला. आमच्यात अल्लाशिवाय कुणापुढे वाकत नाहीत, आणि कुणाला आपल्यापुढे वाकूही देत नाहीत, असं तो खाली बघत म्हणाला. सासू चिडली. नवी सून मात्र तिथेच बसून राहिली आणि म्हणाली, आमच्यात वाकल्याशिवाय उठत नाहीत. मग जैनूने थोडा विचार केला आणि पेटी पुढे सरकवली. नमस्कार पेटीला. तिची रीत राहिली, त्याचं इमान राहिलं. तेव्हापासून निर्मळच्या सगळ्या बायका जैनूभाईच्या पेटीला नमस्कार करत आल्या. व्हिडिओतली शेजारीणही पेटीलाच वाकली होती. पण मोबाइलच्या चौकटीत पेटी आलीच नव्हती.

ही मैत्री गळ्यात गळे घालणारी नव्हती. तो ओटीवर बसायचा, ती दाराशी. घरातले पुरुषसुद्धा बाईच्या हाताला चारचौघांत हात लावत नसत त्या काळापासून तो बायकांचे हात धरत आला होता, आणि त्या धंद्याची सगळी अब्रू एका गोष्टीत होती, की मणियाराने हाताकडे बघायचं, तोंडाकडे नाही. रमझानमध्ये तो आला तर रुक्मिणी पाण्याचा तांब्या आत ठेवायची आणि निघताना घरच्या सुकेळ्यांची पुडी द्यायची, रोजा सोडायला. श्रावणात तो तिच्या ओटीवर पान खात नसे, कारण तिच्या सासूने एकदा नाक मुरडलं होतं. सासू गेली, पण त्याने तो नेम मोडला नाही.

एकदा तिने त्याला सरळच विचारलं होतं, मी मेल्यावर तुझ्या अल्लाच्या दारात माझं काय होणार. दुसरा कुणी असता तर गोड काहीतरी बोलून मोकळा झाला असता. जैनूभाईने बराच वेळ दाढी कुरवाळली.

"किताबात हाय ते तुला आवडाचं नाय, ताई," तो म्हणाला. "पन निवाडा करनारा तो. मी काकनवाला."

"मग फिट्टंफाट," रुक्मिणी म्हणाली. "आमच्या गाभाऱ्यात तुला तरी कोन घेतंय."

दोघं पोट धरून हसली होती. खोटं न बोलणारा माणूस आपल्या ओटीवर येतो, ह्याचा तिला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

तिचा नवरा एकनाथ गेला त्यानंतर जैनूभाई भेटायला आला, तेव्हा पेटी त्याने फाटकाबाहेर जांभळाखाली ठेवली होती, तिच्या नजरेला पडू नये म्हणून. आमच्यात नवऱ्याच्या सुतकाची इद्दत सरली की बाई पुन्हा काकणं भरते, असं तो हळूच म्हणाला. आमच्यात नाही भरत, असं ती म्हणाली. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. पण दर सणाला यायचं थांबवलंही नाही. ह्या घरात आता बांगड्या खपणार नाहीत हे माहीत असताना तो यायचा, पेटी जांभळाखाली ठेवायचा, पाणी प्यायचा, आणि जायचा.

*

देवेंद्र टेम्पो घेऊन आला तो म्हाताऱ्याला त्याच टेम्पोत खुर्च्यांच्या मधे आडवं घालून नालासोपाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. रुक्मिणी बरोबर होती. जैनूभाईचा चुरडलेला हात तिने आपल्या पदरात धरला होता आणि तळव्यात घुसलेल्या हिरव्या काचा दिसत होत्या. तो शुद्धीत होता. वाटेत तो एवढंच म्हणाला की पोरीचा हात कापला तर नाय ना. कापला नाही, असं तिने सांगितलं. मग त्याने डोळे मिटले.

तिथून ती पोलीस चौकीत गेली. साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की उद्या लग्न आहे, आधी ते उरकून घ्या, मग बघू. रुक्मिणीने ऐकून घेतलं आणि तेजसचं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, तुळिंजचा पत्ता सांगितला. देवेंद्रने तिचा दंड धरला होता, तो तिने सोडवून घेतला.

संध्याकाळी धाकटा दीर जयवंत आला. तेजस मागे उभा होता, हेल्मेट नसलेला. तोवर बातमी जैनूभाईच्या सोपारा गावात पोचली होती, तिकडची पोरंही रस्त्यावर उतरली होती, आणि जयवंतच्या इमारतीखाली कुणीतरी त्याच्या गाडीची काच फोडली होती. जयवंतचा चेहरा पांढरा पडला होता. वहिनी, नाव मागे घ्या, असं तो हात जोडून म्हणाला. घरातलं घरात मिटवू.

"घरातलं घरातच झालं ना, भावोजी," रुक्मिणी म्हणाली. "बाहेरचा एकटा तोच होता. त्यानंच मार खाल्ला."

मग जयवंतने दुसरी बाजू काढली. नवऱ्या मुलाकडच्यांचा फोन आला होता. झालं ते वाईट झालं, पण नवरी अर्ध्या चुड्यावर मंडपात उभी राहिली तर त्यांच्याकडच्या बायका बोलायच्या थांबणार नाहीत. त्याच्या बायकोने आगाशीहून एका कासारणीला बोलावूनही घेतलं होतं. ती ओटीवर टोपली घेऊन बसली होती, आणि कृतिका आतल्या खोलीत उजवा हात पाठीमागे धरून बसली होती. जैनूचाचांशिवाय दुसऱ्या कुणाला हात देणार नाही, असं तिने सांगून टाकलं होतं. लग्न मोडलं तर मोडू दे, असंही ती म्हणाली होती. लेकीचा हा हट्ट रुक्मिणीला परवडणारा नव्हता, आणि तरी तो मोडावा असं तिला वाटत नव्हतं.

तेजस पुढे आला आणि म्हणाला, "काकू, मी तुम्हा सगळ्यांसाठीच केलं. कृतिकासाठी."

रुक्मिणीने त्याच्या थोबाडीत मारली. दुसरी मारायला हात उचलला तो त्याने वरच्या वर पकडला. तरणं पोर, व्यायामशाळेत जाणारं. त्याने तिचं मनगट पिळलं आणि मागे ढकललं. ती उद्याच्या गजऱ्यांसाठी आणलेल्या मोगऱ्याच्या टोपलीवर कोसळली. सळई बसली होती तिथेच पाठ आपटली आणि तिचा श्वास अडला. जयवंतने मुलाला धरून बाहेर ओढलं. फाटकाबाहेर बाप मुलाला मारत होता आणि मुलगा बापाला, ते तिला पडल्या जागेवरून ऐकू येत होतं.

उठून ती हात धुवायला गेली तेव्हा मनगटावर चार बोटं निळी उमटली होती. एकनाथशिवाय दोनच पुरुषांनी तिचा हात आजवर धरला होता. एकाची बोटं इतकी वर्षं धरूनही कधी उमटली नाहीत.

*

सकाळी लवकर ती कृतिकाला घेऊन दवाखान्यात गेली. लग्न दुपारचं होतं. हळदीच्या पिवळ्या साडीतली, एक हात भरलेली आणि दुसऱ्यात एकच बांगडी असलेली नवरी वॉर्डातून चालत गेली तेव्हा पेशंटांचे नातेवाईक माना वळवून बघत राहिले.

जैनूभाईची बायको आमिना खाटेशी बसली होती. तिने रुक्मिणीकडे बघितलं, पण बसा म्हणाली नाही.

"तुमच्या घरात मार खाल्ला त्यानं," ती म्हणाली.

"हो," रुक्मिणी म्हणाली.

जैनूभाई उशीला टेकून बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले होते की बोटं जुळतील, पण पूर्वीसारखी वळणार नाहीत. डाव्या हाताला पट्टी होती, बोटं तेवढी मोकळी. एक डोळा सुजून मिटला होता. मोकळ्या डोळ्याने त्याने कृतिकाचे हात बघितले, नेहमीप्रमाणे आधी हातच, आणि मान हलवली. रुक्मिणी त्याला काय सांगायचं ते रात्रभर ठरवत होती. तिथे आल्यावर तिला रडूच आलं. आमच्या पोरानं केलं रे, एवढंच ती म्हणू शकली. त्यावर तो म्हणाला की आमचीही पोरं काल काचा फोडत फिरली, मी निरोप धाडलाय की माझ्या नावानं एक दगड उचलाल तर मी दवाखान्यातून घरी येनार नाय.

मग आमिनाने पिशवीत हात घातला, वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं काढलं आणि खाटेवर ठेवलं. कागद सुटला. आत हिरव्या बांगड्या होत्या.

"रातभर एकच धोशा लावलाय," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पोरीचा एक हात रिकामा ऱ्हायला. म्हनून घरातल्या आनल्या. भरा आता, आनि जावा."

कृतिका स्टुलावर बसली आणि तिने उजवा हात पुढे केला.

जैनूभाईने डावा हात उचलला, आणि तो मधेच थांबला. त्याने दाराकडे बघितलं. मग पलीकडच्या खाटांकडे, तिथे बसलेल्या अनोळखी बाप्यांकडे, एकाच्या हातातल्या मोबाइलकडे. असंख्य हात धरलेला तो माणूस, आणि त्याचा हात हवेत लोंबत राहिला. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं,

"ताई, धरू काय हिचा हात?"

जन्मात त्याने हे कधी विचारलं नव्हतं. हात पुढे यायचा आणि तो धरायचा, इतकंच होतं. रुक्मिणीला वाटलं, काल बुटाखाली बोटं मोडली ती बांधता तरी आली, हे काय मोडलं ते कुठे बांधायचं.

खाटेभोवतीचा पडदा सिस्टरने अर्धा ओढून ठेवला होता. रुक्मिणी उठली आणि तिने तो पुरता बाजूला सारला, शेवटच्या कडीपर्यंत. सगळ्या वॉर्डाला खाट दिसायला लागली. मग ती लेकीच्या शेजारी येऊन बसली.

"धर," ती म्हणाली.

त्याचा एकच हात चालत होता. बांगडी तो सरकवू शकत होता, पण सांधा दाबायला दुसरा हात नव्हता. तेव्हा सांधा रुक्मिणीने दाबला. विधवेचा हात चुड्याला लागू नये हे तिला आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तिने आणखी घट्ट दाबलं. तिच्या मनगटावरची निळी बोटं जैनूभाईला दिसली. असं नाही ताई, अंगठा आतल्या अंगाला, असं तो सांगत गेला, ती तसं करत गेली. आमिना एकेक बांगडी कागदातून काढून त्याच्या बोटांत देत गेली.

"पोरी, हात सैल सोड," जैनूभाई म्हणाला.

शेवटची बांगडी सांध्यावर आली तेवढ्यात वॉर्डाचं दार धाडकन उघडलं. वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं होतं, दुसरं काही नाही. पण जैनूभाईचं सगळं अंग आक्रसलं, मान खांद्यांत गेली, मोकळा डोळाही मिटला, आणि येणाऱ्या फटक्याची वाट बघत तो तसाच बसून राहिला. बांगडी सांध्यावर होती. त्याने हात सोडला नाही.